नव्वद मैल सरळ



हे भाषण पुढे छापलं जाणार आहे असं चिटणीसांनी आधीच सांगितलंय. त्यामुळे जे आज इथे बसलेत आणि जे उद्या घरी आरामखुर्चीत वाचतील, त्या सगळ्यांशी मी एकदमच बोलतो. मंडळाची माणसं आमंत्रण द्यायला दवाखान्यात आली, तेव्हा त्यांना वाटलं होतं की डॉक्टर मधुमेहावर किंवा सांधेदुखीवर बोलतील. मी म्हटलं, सायकलवर बोलतो. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि सभ्यपणे मान हलवली.

उधन्यात सायकल म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मी १९८६ साली इथे दवाखाना थाटला, तेव्हा पाळी सुटली की लूमच्या खात्यांतून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. पुढच्या दांडीला डबा, मागच्या कॅरिअरवर पोरगं. मीसुद्धा घरी बोलावणं आलं की सायकल काढायचो. हँडलला पेटी, पेटीत शे-दीडशे बाटल्या. रस्त्यात आपली खानदेशी माणसं विचारायची, ‘डाक्टर, कथा जाई राह्यनात?’ घरात मारवाडी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि दवाखान्यात अहिराणी, अशा चार बोलींवर माझा संसार चालला. पुढे दोन पैसे आले. ज्याच्या हाती आले त्याने पहिलं काम केलं ते सायकल भंगारात घालून स्कूटर घेण्याचं. मीही तेच केलं. आपल्या पिढीने सायकलकडे गरिबीचं वाहन म्हणून पाहिलं. तिच्यावर बसून कुणी हौसेने परदेशातला रस्ता तुडवेल, हे आपल्या डोक्यात आलंच नाही.

ते माझ्या डोक्यात कसं शिरलं, तिथून सुरुवात करतो.

२०१९ च्या दिवाळीत माझ्या मुलीचा फोन आला. ती ऑस्ट्रेलियात पर्थला नोकरी करते. फराळ, रांगोळी, आईची चौकशी झाली आणि शेवटी ती सहज म्हणाली, ‘पप्पा, डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे. गोळी सांगू नका, कारण सांगा.’ होमिओपॅथच्या घरातली मुलं अशीच बोलतात.

मी सवयीने केस घ्यायला बसलो. कधीपासून? पाच-सहा आठवडे. मार लागला होता? नाही. सकाळी जास्त की रात्री? सारखंच. मान दुखते? नाही. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूवर दाब येईल असं काही काम केलंस? यावर फोनमध्ये शांतता. मग ती म्हणाली, ‘सायकल चालवली.’ सायकलने एवढं होत नाही, किती चालवलीस? ‘सातशे बारा किलोमीटर.’ कुणाबरोबर? पुन्हा शांतता. ‘एकटीने.’

बधिरपणाचं निदान तेव्हाच झालं. मनगटाच्या आतल्या बाजूने, करंगळीच्या रेषेत एक मज्जातंतू बोटांकडे जातो. तासन्‌तास हँडलवर भार देऊन बसलं की तो चेपला जातो आणि नेमकी हीच दोन बोटं मुंग्या येऊन बधिर होतात. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांचं हे ओळखीचं दुखणं आहे. हाताची पकड बदलत राहणं, जाड हातमोजे, हँडल थोडं उंच करणं आणि विश्रांती, हाच मुख्य इलाज. बोटांतली ताकद कमी झाली तर मात्र तिथल्या डॉक्टरला दाखव, असं सांगितलं. दोन-तीन महिन्यांत तिची बोटं पूर्ववत झाली. पण त्या रात्री मला जे कळलं, त्याचा इलाज माझ्या पेटीत नव्हता. मुलगी आठवडाभर एका निर्मनुष्य रस्त्यावर एकटी होती आणि आम्हा दोघांना त्याचा पत्ता नव्हता.

आता थोडं मागे जातो. २००७ साली ती एकोणीस वर्षांची होती. कॉलेजच्या सुट्टीत तिने मला विचारलं, ‘पप्पा, मी सायकलवर नंदुरबारला मावशीकडे जाऊ? बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. मध्ये व्याऱ्याला ओळखीच्यांकडे मुक्काम करीन.’ मी वर्तमानपत्र खाली न ठेवताच ‘नको’ म्हटलं. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, ट्रक असतात. ती म्हणाली, ‘महाराजसाहेबांचा विहार त्याच हायवेवरून होतो. साध्वीजी अनवाणी चालतात, पहाटे अंधुक उजेडात. तुम्ही त्यांना वंदन करायला पळसाण्यापर्यंत जाता. तिथे ट्रक नसतात का?’ मी म्हटलं, साध्वीजी एकट्या नसतात, दोघी-तिघी असतात, सोबत श्रावक असतात. ती लगेच म्हणाली, ‘मग मला सोबत द्या. तुम्ही चला.’ मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. विषय तिथे संपला, असं मला बारा वर्षं वाटत होतं.

तर त्या सातशे बारा किलोमीटरमधला एक दिवस तिने मला पुढे फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितला. मी नकाशे काढले, पुस्तकं वाचली, अंतरं जुळवली. मी त्या देशात गेलेलो नाही. पण हा एक दिवस मला माझ्या दवाखान्याच्या रस्त्याइतका पाठ आहे. आता तुम्ही माझ्या मुलीच्या सायकलवर बसा. मी तुम्हाला नेतो.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत नलारबोर नावाचं पठार आहे. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर चुनखडीचा दगड. ‘झाड नाही’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून हे नाव पडलं. पाऊस कमी आणि पडला तरी चुनखडीच्या भेगांतून खाली मुरतो, म्हणून नद्या नाहीत. पर्थकडून दक्षिणेच्या वाटेने पूर्वेला जायचं, तर या भागातून एकच डांबरी रस्ता जातो. त्याचं नाव आयर हायवे. १८४१ साली एडवर्ड जॉन आयर हा इंग्रज आणि वायली हा तिथला आदिवासी तरुण हा मुलूख ओलांडून पलीकडे पोचले, त्या आयरचं हे नाव. वस्ती म्हणाल तर शे-पाऊणशे, कधी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर एक रोडहाउस. म्हणजे पेट्रोलपंप, खाणावळ आणि चार खोल्या, एवढंच. त्यातल्या बॅलाडोनिया नावाच्या रोडहाउसवर तुम्ही आदल्या संध्याकाळी पोचला आहात.

बॅलाडोनिया हे नाव ऐकून माझ्यासारख्या होमिओपॅथला बेलाडोना आठवलं, ते सोडून द्या. पण तुमच्यापैकी साठीच्या पुढच्यांना तिथली दुसरी एक गोष्ट आठवेल. १९७९ च्या जुलैमध्ये स्कायलॅब पडणार म्हणून आपल्याकडे केवढी घबराट होती! आमच्या गावात लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापून खाल्ल्या, आमच्या घरी नवकाराचा जप चालला. ती अमेरिकेची अवकाशप्रयोगशाळा शेवटी पडली ती याच भागात. तिचे तुकडे बॅलाडोनियाच्या आसपासच्या रानात विखुरले आणि तिथल्या छोट्या संग्रहालयात ती हकीकत मांडून ठेवली आहे. मुलगी म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही ज्याला घाबरला होतात ते इथे पडलंय.’

सप्टेंबरचा महिना. तिथे वसंत ऋतू, पहाटे चांगलीच थंडी. सहाच्या सुमारास तुम्ही निघता. पुढचं रोडहाउस कैगुना, १८२ किलोमीटरवर. मध्ये दुकान नाही, घर नाही, हमखास मिळेल असं पाणी नाही. म्हणून सायकलवर आठ लिटर पाणी बांधलंय. पाण्याचंच वजन आठ किलो. तंबू, झोपण्याची पिशवी, दोन जादा ट्यूब, पंप, औषधं. खाण्याला खाखरे, शेंगदाणे, गुळाची चिक्की, सुका मेवा. परदेशातून ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचे पदार्थ जाहीर करावे लागतात, बी-बियाणं, फळं, दूधदुभतं यांवर फार कडक नजर असते. आईने पाठवलेले खाखरे विमानतळावर जाहीर करूनच तिने आत नेले होते. रात्रीभोजन सोडलेल्या घरातली मुलगी, त्यामुळे सूर्य मावळण्याआधी जेवण उरकायचं हा तिचा नियम तिथे आपोआप सोयीचा ठरला. कारण सांजेला कांगारू रस्त्यावर येतात आणि त्या वेळी सायकलवर असू नये, असं तिथली माणसंही सांगतात.

पहिले तीन तास छान जातात. रस्ता आपल्यासारखाच डावीकडचा. डोक्यावर हेल्मेट, कारण तिथे सायकलला ते सक्तीचं आहे. साधारण पस्तीस किलोमीटरवर एक मोठी पाटी दिसते. नव्वद मैल सरळ रस्ता, १४६.६ किलोमीटर. एकही वळण नाही. जगातल्या सर्वांत लांब सरळ रस्त्यांपैकी हा एक. आपल्या हिशेबात सांगायचं, तर उधना सोडल्यावर बारडोली गेली, व्यारा गेलं, सोनगड गेलं, नवापूर ओलांडून महाराष्ट्रात बरंच आत शिरलात, तरी हँडल एकदाही वळवलं नाही.

नाव ‘झाड नाही’ असलं तरी या पट्ट्यात दोन्ही बाजूंना खुरटी झाडं आहेत. बिनझाडाचं माळरान पुढे आणि उत्तरेला आहे. त्यामुळे समोर काय दिसतं? मध्ये डांबर, कडेला लाल माती, माती संपली की मळकट हिरवी झुडपं, वर आभाळ. तासाभराने पाहिलं तरी तेच. मुलगी म्हणाली, ‘पप्पा, पाय चालत होते पण जागा बदलत नव्हती.’ आपल्या लूमवर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. धोटा दिवसभर पळतो आणि जागेवरच असतो. कापड किती झालं ते संध्याकाळी ताग्यावर पाहिलं की कळतं.

मग मागून घरघर ऐकू येते. रोड ट्रेन. म्हणजे एकामागे एक जोडडबे लावलेला ट्रक, तीस मीटरहून लांब. तो शेजारून जाताना आधी हवा तुम्हाला बाहेर ढकलते आणि तो गेला की आत ओढते. समोरूनही एखादा येत असेल तर शहाणा सायकलस्वार सरळ मातीत उतरतो. इथे माझ्या ‘ट्रक असतात’ या २००७ सालच्या वाक्याला मुलीने उत्तर दिलं, तेही न चिडता. ‘पप्पा, ट्रक असतात. म्हणून मी मागचं पाहायला आरसा लावला होता आणि भडक पिवळं जाकीट घातलं होतं.’

दुपारी बारानंतर वारा फिरतो. सकाळी पाठीशी होता, आता समोरून येतो. इथे थोडं गणित सांगतो, कारण वाऱ्याला शरीर कसं हरतं ते त्यात आहे. हवेचा विरोध हा वेगाच्या वर्गाने वाढतो. निवांत हवेत ताशी वीसने जाणाऱ्याला जेवढा विरोध, त्याच्या तिप्पट विरोध समोरून वीसचा वारा असताना पंधराने जाणाऱ्याला होतो. म्हणजे तुम्ही हळू जाता आणि दमता जास्त. मुलीचा वेग ताशी आठ-नऊवर आला. आपण स्टेशनला उशीर झाल्यावर भरभर चालतो, त्यापेक्षा थोडा जास्त.

अशा वेळी दोन चुका होतात. पहिली, खायचं राहून जातं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर ही साधारण दीड-दोन हजार कॅलरींची. तासाला चारशे-पाचशे खर्च झाल्या तर चार तासांत भांडं रिकामं. मग पाय लटपटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, कारण नसताना रडू येतं. दुसरी चूक, नुसतं पाणी पीत राहणं. घामातून मीठ जातं, वरून साधं पाणी ढोसलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, फारच झालं तर माणूस बेशुद्ध पडतो. लूमखात्यात उन्हाळ्यात चक्कर येऊन पडलेल्या कित्येकांना आपण मीठ-साखर-लिंबाच्या पाण्यावर उठवून बसवलंय. तेच औषध तिथे. माझ्या मुलीने ते लहानपणी दवाखान्याच्या बाकावर बसून पाहिलेलं होतं. त्या दुपारी ती सायकल आडवी टाकून मातीत बसली, रडली, चिक्की खाल्ली, मीठ घातलेलं पाणी प्याली आणि वीस मिनिटं तशीच बसून राहिली. ‘रडू भुकेचं होतं, पप्पा. खाल्ल्यावर थांबलं.’

तेवढ्यात एक कॅरॅव्हॅन थांबली. तिकडे निवृत्त झालेली बरीच जोडपी घर गाडीला जोडून वर्षवर्षभर देश फिरतात. एक म्हातारी खाली उतरली. बरी आहेस ना, पाणी हवंय का, विचारलं. दोन लिटर पाणी दिलं, दोन संत्री दिली. आणि निघताना तिने विचारलं, ‘तू इथे आहेस हे तुझ्या घरी ठाऊक आहे ना?’

‘मी हो म्हटलं, पप्पा.’

मित्रहो, फोनवर हे वाक्य ऐकलं तेव्हा मी काही बोलू शकलो नाही. एका अनोळखी म्हातारीला, आठ-नऊ हजार किलोमीटरवर, माझ्या मुलीला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं होतं.

पुढचा दिवस सांगून टाकतो. चारच्या सुमारास वारा पडला. आणखी थोडा वेळ चालवून १२८ किलोमीटर झाले. सूर्य मावळायच्या आधी तिने रस्त्यापासून आत, झुडपांआड, ट्रकच्या दिव्यांत येणार नाही अशा जागी तंबू लावला. जेवण केलं, उरलेलं पाणी मोजलं. साडेतीन लिटर. फोनला त्या पट्ट्यात रेंज नव्हती. आभाळभर चांदणं आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने लांबून येणारा ट्रकचा आवाज. भीती वाटली का, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘पहिला तासभर वाटली. मग झोप लागली. सकाळी उठून उरलेला सरळ रस्ता संपवला आणि कैगुनाला चहा प्याले.’ कैगुनाच्या पुढे आणखी एक गंमत आहे. तिथल्या चार-दोन वस्त्या घड्याळ पाऊण तास पुढे लावतात. कुठल्या सरकारी कायद्यात ती वेळ नाही, पण सगळे पाळतात. मंडळाचे कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू होतात, त्याला इथून पुढे ‘कैगुना टाइम’ म्हणायला माझी हरकत नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. तिच्याजवळ एक लहानसं पिवळं यंत्र होतं. जिथे फोन चालत नाही तिथे जिवावर बेतलं, तर त्याचं बटण दाबायचं. उपग्रहामार्फत बचावदलाला जागा कळते. त्या देशात फ्लाइंग डॉक्टरांची सेवा १९२८ पासून आहे. विमानाने डॉक्टर येतो, आणि या हायवेचे काही तुकडे रुंद करून, पट्टे मारून विमान उतरण्यासाठीच राखून ठेवले आहेत. डॉक्टर म्हणून मला हे ऐकून फार बरं वाटलं. पण ते यंत्र सरकारकडे नोंदवावं लागतं आणि संकटात कुणाला कळवायचं त्यांची नावं द्यावी लागतात. मी विचारलं, तू कुणाचं नाव दिलंस? तिने मैत्रिणीचं दिलं होतं. ती अॅडलेडहून गाडीने परतत होती आणि तिनेच पुढे हिला युक्लाहून घरी आणलं. मी म्हटलं, बाबांचं का नाही? ती म्हणाली, ‘तुम्ही आधी बटण दाबलं असतंत.’

मी हसलो. फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही.

आमच्या पद्धतीत केस घेणं म्हणजे काय, ते तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. नव्या रुग्णापुढे मी तास-तासभर बसतो. तहान किती, झोप कशी, स्वप्नं कसली, भीती कशाची, गर्दी आवडते की एकांत. मध्ये बोलायचं नाही, रागवायचं नाही, हा पहिला धडा. कारण रुग्ण डॉक्टरला घाबरला की अर्धीच हकीकत सांगतो. तंबाखू लपवतो, बाहेर घेतलेली दुसरी औषधं लपवतो, आणि मग चूक डॉक्टरची होते. चौतीस वर्षं हजारो माणसांना मी हे विचारलं होतं. माझ्या मुलीला एकांत आवडतो, हे मला तिच्या करंगळीमुळे कळलं. मी ‘नको’ म्हटलं म्हणून ती थांबली नाही. तिने फक्त मला सांगायचं थांबवलं.

त्यानंतर मी एकट्याने सायकलवर दूर गेलेल्या माणसांबद्दल मिळेल ते वाचलं. त्यांची यादी इथे वाचून तुमचा वेळ घेत नाही, चारच सांगतो. १८९६ साली आर्थर रिचर्डसन नावाचा तरुण कूलगार्डीहून निघून एकतीस दिवसांत अॅडलेडला पोचला. नलारबोर सायकलने पार करणारा तो पहिला. तेव्हा डांबर नव्हतं, तारायंत्राच्या खांबांच्या कडेने तो गेला. आपल्याकडचं म्हणाल, तर मुंबईचे आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तीन पारशी तरुण १९२३ साली सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ साली ती पुरी करून मुंबईत परतले.

तिसरी डर्व्हला मर्फी, आयर्लंडची. दहाव्या वाढदिवसाला तिला जुनी सायकल आणि जुना नकाशासंग्रह मिळाला आणि तिने ठरवलं की एक दिवस सायकलने भारतात जायचं. पण आईला संधिवाताने जखडलं होतं. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ती आईच्या शुश्रूषेला बसली. आई गेल्यावर, १९६३ च्या जानेवारीत, एकतीस वर्षांची असताना ती निघाली आणि त्याच वर्षी जुलैत दिल्लीला पोचली. यातली मला लागलेली गोष्ट वेगळी आहे. अंथरुणाला खिळलेली ती आईच मुलीला मध्येमध्ये थोड्या दिवसांसाठी सायकलवर एकटी पाठवायची. माझी मुलगीही निघाली तेव्हा एकतीस वर्षांची होती. आणि मी तर धडधाकट होतो.

चौथी आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी. २०१८ च्या जुलैत ती पर्थहूनच निघाली. चौदा देश, सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवस, बहुतेक वाट एकटीने. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं गेलं, रशियात बर्फात मुक्काम झाले. वय वीस. म्हणजे संकटं खोटी नाहीत, हे लक्षात घ्या. माझ्या मुलीच्या आठवड्यात काही वाईट घडलं नाही, म्हणून मी आज हसत बोलू शकतो. घडलं असतं तर? हा प्रश्न मी टाळत नाही. पण घडलं असतं, तर आम्हाला ते कुणा परक्याकडून कळलं असतं, हेही त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

आता आपल्याविषयी. या सभागृहातली बहुतेक घरं तीन-तीन पिढ्या इथे आहेत. तुमचे आजोबा किंवा वडील कसे आले, आठवून पाहा. अमळनेर, धरणगाव, शिंदखेडा, दोंडाईचा. एक पत्र्याची ट्रंक, भुसावळच्या पॅसेंजरचं तिकीट, खिशात कुणाच्या तरी भावकीचा पत्ता. सोळा-सतरा वर्षांचं पोर एकटं उधना स्टेशनवर उतरलं. भाषा परकी, गाव परकं. त्याच्या आईने त्याला ‘नको’ म्हटलं असतं तर आज हे मंडळ नसतं. तिने भाकरी बांधून दिली आणि सांगितलं, पोचल्यावर पत्र टाक. आपण त्यांच्या पोटी जन्मलो, इथे घरं बांधली, आणि आता पोरीने एकटीने व्याऱ्यापर्यंत जाते म्हटलं की आपला घसा कोरडा पडतो. मला खरंच ट्रकची भीती होती का? थोडी होती. त्याहून जास्त भीती ही होती की व्याऱ्याला आपली जी चार घरं आहेत, ती काय म्हणतील. हे आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय.

मागच्या थंडीत मी एक जुनी सायकल दुरुस्त करून घेतली. बायको म्हणाली, या वयात? मी मुलीला फोन करून सांगितलं की रविवारी बारडोलीपर्यंत एकटा जाऊन येणार आहे. मला वाटलं होतं ती ‘नको’ म्हणेल, सूड म्हणून तरी. तिने विचारलं, ‘कधी निघणार? पाणी किती घेताय? पंक्चर काढता येतं का? कडोदऱ्याच्या चौकात उतरून चालाल ना? आणि पोचल्यावर मला कळवाल?’ पाच प्रश्न. एकातही नकार नव्हता. पंक्चर काढता येत नव्हतं, म्हणून मी आधी ते शिकलो. आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याने दोन संध्याकाळी शिकवलं आणि पैसे घेतले नाहीत. त्याच्या आईवर माझं औषध चालू आहे.

गेलो. जायला अडीच तास लागले. चलथाणच्या पुढे उसाच्या शेतांत सकाळचं धुकं होतं. बारडोलीला स्वराज आश्रमाच्या बाहेर सायकल टेकवली, बाकावर बसलो आणि मुलीला निरोप पाठवला, ‘पोचलो.’ तिकडे दुपार असणार. लगेच उत्तर आलं, ‘मी वाट पाहत होते.’ तेवढंच. सोळा-सतरा वर्षांपूर्वी मला हेच करायचं होतं. तिला पाच प्रश्न विचारायचे आणि वाट पाहत बसायचं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी पोरगं, पोरगी किंवा म्हातारा एकटाच कुठे जायचं म्हणाला, सायकलने असो की आगगाडीने, बारडोलीला असो की परदेशात, तर पहिल्या क्षणी तोंडावर आलेला शब्द गिळा. पेपर खाली ठेवा. विचारा, कधी निघणार, पाणी किती, मोडलं तर दुरुस्त करता येतं का, धोक्याची जागा कुठली, पोचल्यावर कळवशील ना. उत्तरं कच्ची निघाली तर पक्की होईपर्यंत थांबवा, तो तुमचा हक्कच आहे. आणि पक्की असली तर भाकरी बांधून द्या. संकटात कळवायच्या माणसांच्या यादीत तुमचं नाव राहावं असं वाटत असेल, तर मला दुसरा उपाय माहीत नाही.

येत्या डिसेंबरात मुलगी पंधरा दिवसांसाठी घरी येतेय. नंदुरबारला मावशी अजून आहे. दोन सायकली तयार ठेवल्या आहेत. व्याऱ्याच्या घरांना मुक्कामाचं मी स्वतः फोन करून कळवलंय. ते काय म्हणाले, ते पुढच्या वर्षी बोलावलंत तर सांगेन.